सहलीत फुकट अपग्रेड आणि रास्त दर : कुठे, कधी आणि कुणाला विचारायचं?

वाटाड्या

चांगले कपडे घालून जा, हसून बोला, लग्नाचा वाढदिवस आहे असं ठोकून द्या. अपग्रेडबद्दल असे सल्ले खूप फिरतात आणि त्यातून असं वाटायला लागतं की सगळं काउंटरवरच्या माणसाच्या मर्जीवर आहे. मर्जीचा वाटा असतो, पण छोटा. वरची खोली, पुढची सीट किंवा मोठी गाडी फुकट मिळते ती बहुतेक वेळा दोनच कारणांनी. एक, खालच्या वर्गात जागेपेक्षा जास्त बुकिंग झालेलं असतं आणि कुणाला तरी वर सरकवावंच लागतं. दोन, वरची जागा आता रिकामीच जाणार हे स्पष्ट झालेलं असतं. हे दोन क्षण ओळखता आले तर विचारण्याला अर्थ आहे. या धाग्यात तेवढंच गोळा करू या. स्वतःचे किस्से नकोत, इतरांना वापरता येईल अशी नेमकी माहिती लिहा.

हॉटेलपासून सुरुवात करतो. खोली तुम्ही काउंटरवर पोचल्यावर ठरत नाही. बऱ्याच ठिकाणी आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सकाळी आरक्षणांवर खोली क्रमांक टाकले जातात, त्याला ब्लॉक करणं म्हणतात. त्यामुळे काउंटरवर विचारणं हा दुसरा प्रयत्न. पहिला प्रयत्न म्हणजे पोचण्याच्या दोन-तीन दिवस आधी थेट त्या हॉटेलला ईमेल. साखळीच्या मध्यवर्ती कॉल सेंटरला नाही, कारण त्यांच्या हातात खोली क्रमांक नसतात. ईमेलमध्ये आरक्षण क्रमांक, पोचण्याची वेळ आणि एकच नेमकी मागणी लिहा. "काही चांगलं देता आलं तर बघा" या वाक्यावर कुणी काही करू शकत नाही. "वरचा मजला, कोपऱ्यातली खोली, लिफ्टपासून लांब, शेजारच्या खोलीत उघडणारं दार नको" हे मात्र आरक्षणावर नोंदवता येतं. त्याच ईमेलमध्ये शेवटी विचारा : पुढच्या कॅटेगरीची खोली त्या दिवशी शिल्लक असेल तर फरक किती? फुकट नाही मिळाली तरी हा फरक वेबसाइटवरच्या फरकापेक्षा बरेचदा कमी असतो.

वाढदिवस खरंच असेल तर जरूर कळवा. त्यातून सहसा केक किंवा शुभेच्छापत्र येतं, खोली बदलेलच असं नाही. नसेल तर सांगू नका. पाहुण्याच्या प्रोफाइलमध्ये अशा नोंदी राहतात.

फ्रंटडेस्क

चांगला धागा. पहिल्या मुद्द्यात भर घालतो.

रात्रींची संख्या फार महत्त्वाची. एका रात्रीसाठी स्वीट (वेगळ्या बैठकीची मोठी खोली) देणं सोपं, सहा रात्रींसाठी अवघड, कारण तो सहाही रात्री रिकामा असायला हवा. मध्ये खोली बदलायची तयारी असेल तर ते तुम्ही आपणहून सांगा. नाहीतर तो पर्याय कुणी उघडूनच बघत नाही.

वारही बघा. कामानिमित्त येणाऱ्यांची हॉटेलं सोमवार ते गुरुवार भरलेली आणि शनिवार-रविवारी मोकळी असतात. समुद्रकिनाऱ्याच्या किंवा डोंगरातल्या रिसॉर्टचं नेमकं उलटं. आठ दिवसांच्या सहलीत शहर आणि किनारा दोन्ही असतील तर शहर शनिवार-रविवारी टाका आणि किनारा आठवड्याच्या मधल्या दिवसांत. एवढ्या अदलाबदलीने दरही उतरतो आणि वरची खोली मिळण्याची शक्यताही वाढते.

काउंटरवर विचारायचं असेल तर सकाळी चेक-आउटच्या गर्दीत नको. तेव्हा रांग असते आणि कुठल्या खोल्या मोकळ्या होतायत तेही कळलेलं नसतं. दुपारी सफाई झालेल्या खोल्यांची यादी तयार होते, तेव्हा उत्तर देणाऱ्याकडे खरी माहिती असते. फार उशिरा पोचण्यात मात्र धोका आहे. हॉटेल ओव्हरबुक झालं असेल तर शेवटी येणाऱ्याला दुसऱ्या हॉटेलात पाठवतात. आमच्या क्षेत्रात याला "वॉक करणं" म्हणतात. थेट बुकिंग नसलेला, एका रात्रीचा, साखळीचा सदस्य नसलेला पाहुणा त्यात आधी जातो. उशीर होणार असेल तर फोन करून आरक्षणावर वेळ नोंदवून घ्या. वॉक केलंच, तर त्या रात्रीचं भाडं आणि तिथवरची गाडी हॉटेलने द्यायची ही धंद्यातली रीत आहे. ती मागा.

आकडेमोड

एक प्रश्न मुळाशी आहे : बुकिंग कुठल्या खोलीचं करायचं? "सगळ्यात स्वस्त घ्या, वर सरकवतीलच" हा सल्ला मला अर्धवट वाटतो. सर्वांत खालच्या खोल्या संख्येने जास्त असतात आणि ओव्हरबुकिंगही तिथेच होतं, इथवर खरं. पण तिथून वर सरकणारा माणूस सहसा एकच पायरी चढतो आणि ती पायरी बरेचदा फक्त मजल्याची किंवा खिडकीतल्या दृश्याची असते. दुसऱ्या पायरीवरच्या पाहुण्याला वर पाठवून त्याच्या जागी खालचा आणायचा, असंही केलं जातं. मोठी उडी मिळते ती त्या दुसऱ्या पायरीवरच्याला. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर मी दुसऱ्या पायरीची खोली घ्यावी असं म्हणेन.

फ्रंटडेस्क

हॉटेलात एकूण कॅटेगरी किती आहेत त्यावर ते अवलंबून. नऊ-दहा नावं असतील तर तुमचं बरोबर, पहिली पायरी जवळपास निरर्थक. तीन-चारच असतील तर स्वस्त खोली घेण्यात काही गैर नाही, कारण एक पायरीसुद्धा मोठी असते. आणि नावांवर जाऊ नका. सुपीरियर, डिलक्स, प्रीमियर यांना कुठलंही सर्वमान्य माप नाही. हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवर चौरस मीटर दिलेले असतात, ते ताडून बघा. २४ ची खोली सोडून २६ ची मिळाली आणि पलंग एकाऐवजी दोन वेगळे आले, तर ते अपग्रेड नव्हे.

वाटाड्या

दोघांचंही पटलं. आता दराबद्दल.

बुकिंग साइट्स हॉटेलकडून साधारण १५ टक्के आणि त्याहून जास्तही कमिशन घेतात. म्हणून साइटवरचा दर समोर ठेवून हॉटेलला फोन करायचा आणि विचारायचं : थेट बुक केलं तर काय देता? बरेचदा दर तोच राहतो. कारण जाहीर दर इतरांपेक्षा कमी न दाखवण्याचे करार पुष्कळ ठिकाणी असतात. पण नाश्ता, उशिरा चेक-आउट, पार्किंग या गोष्टी त्या करारात अडकत नाहीत. म्हणून दर कमी करा म्हणण्यापेक्षा "त्याच दरात नाश्ता द्याल का" हे जास्त चालतं. शिवाय मोठ्या साखळ्यांचे पॉइंट आणि सदस्यांचे फायदे बाहेरच्या साइटवरून केलेल्या बुकिंगला सहसा मिळतच नाहीत.

थेट दरापेक्षा बाहेर स्वस्त दिसलं तर मोठ्या साखळ्यांची सर्वोत्तम दराची हमी असते. दावा नाकारला जातो तो बारीक अटींमुळे : खोलीचा प्रकार, तारखा, माणसं, चलन आणि रद्द करण्याच्या अटी तंतोतंत जुळाव्या लागतात, स्वस्त दर सगळ्यांना दिसणारा हवा (लॉगिन करून दिसणारा नाही) आणि दावा बहुधा बुकिंगपासून २४ तासांत करावा लागतो. कर धरून दर आणि कर वगळून दर यांची गल्लत ही नेहमीची चूक.

दुसरी सवय : रद्द करता येणारं बुकिंग घ्या आणि दर पुन्हा पुन्हा तपासा. फुकट रद्द करण्याची मुदत संपत येते तेव्हा इतर लोक आपली जादा बुकिंगं सोडतात आणि खोल्या परत विक्रीला येतात. म्हणून मुदतीच्या आदल्या दिवशी एकदा नक्की बघा. स्वस्त दिसलं तर क्रम पाळा : आधी नवं बुकिंग, त्याची पक्की पावती हातात, मग जुनं रद्द. मुदत हॉटेलच्या स्थानिक वेळेनुसार असते, तुमच्या घड्याळानुसार नाही.

चौथा_गिअर

भाड्याच्या गाडीबद्दल लिहितो, कारण इथे फुकट अपग्रेड सगळ्यात सोपं आणि फसवणूकही सगळ्यात जास्त.

आरक्षणावर चार अक्षरी कोड असतो, उदा. ईसीएमआर. पहिलं अक्षर आकाराचा गट, दुसरं बॉडीचा प्रकार, तिसरं गिअर, चौथं इंधन आणि एसी. ईसीएमआर म्हणजे इकॉनॉमी, दोन-चार दारांची, मॅन्युअल, एसीसह. तुम्ही हा गट बुक करता, विशिष्ट मॉडेल नाही, म्हणून फोटोखाली "किंवा तत्सम" लिहिलेलं असतं.

छोट्या गाड्यांना मागणी जास्त आणि त्या आधी संपतात. संपल्या की त्याच दरात मोठी गाडी देणं ही कंपनीची जबाबदारी. पण काउंटरवरचा माणूस अनेकदा आधी विकायला बघतो : "थोडे पैसे भरा, मोठी देतो." अशा वेळी एकच प्रश्न विचारा : "मी बुक केलेल्या गटातली गाडी आत्ता उपलब्ध आहे का?" उत्तर टाळलं गेलं तर शांतपणे सांगा, "मग मला बुक केलेलीच द्या." गाडी नसेल तर मोठी फुकट मिळते, असेल तर तुमचं काही बिघडत नाही.

करारावर बहुतेक कंपन्या दोन गट छापतात, भाडं आकारलेला आणि प्रत्यक्ष दिलेला. भाडं तुम्ही बुक केलेल्या गटाचंच लावलंय ना, हे सही करण्याआधी बघा. डिपॉझिट आणि अपघातात तुमच्यावर येणारी रक्कम मोठ्या गाडीनुसार वाढवलेली नाही ना, तेही. मोठी गाडी जास्त इंधन खाते आणि जुन्या गावांच्या अरुंद गल्ल्यांत नकोशी होते. अशा ठिकाणी नाही म्हणणंच शहाणपणाचं. ऑटोमॅटिक हवी असेल तर अपग्रेडच्या भरवशावर राहू नका, ती बुकच करा. युरोपात ऑटोमॅटिक अजूनही दरवेळी हाताशी नसतात.

उत्तर अमेरिकेत नॅशनल या भाड्याच्या गाड्यांच्या कंपनीचं एमराल्ड क्लब सदस्यत्व फुकट आहे. मिडसाइझ बुक करायची आणि त्यांच्या एमराल्ड आइलमध्ये (सदस्यांसाठी राखलेल्या रांगेत) उभी असलेली कुठलीही गाडी त्याच भाड्यात न्यायची.

आकडेमोड

गाडीचा हिशेब दिवसांवर नाही, २४ तासांच्या चक्रावर चालतो. सकाळी १० ला घेतली तर १० ला परत. सवलतीची वेळ कुठे २९ मिनिटं, कुठे ५९, त्यानंतर जादा आकार सुरू. आठवड्याच्या दराने घेतलेली गाडी दोन दिवस आधी परत केली की उरलेल्या दिवसांचे पैसे वाचतील असं वाटतं. बरेचदा उलट होतं : आठवड्याचा दर रद्द होऊन रोजचा चढा दर लागतो. आधी फोन करून विचारा.

चौथा_गिअर

बरोबर. आणि इंधन "भरलेली घ्या, भरलेली द्या" याच अटीवर घ्या. आगाऊ टाकीचे पैसे भरून रिकामी परत करण्याच्या योजनेत उरलेलं इंधन कंपनीचं. गाडी घेताना चारही बाजू, चाकांच्या रिम, काच, छत, किलोमीटर आणि इंधनाचा काटा यांचा सलग व्हिडिओ काढा आणि परत करतानाही. छताकडे आणि गाडीच्या पोटाकडे कुणी बघत नाही आणि साध्या विम्यात हेच भाग बरेचदा वगळलेले असतात.

खिडकीची_सीट

विमानाबद्दल अपेक्षा आधीच आटोक्यात ठेवा. बहुतेक वेळा इकॉनॉमी ओव्हरसोल्ड (जागांपेक्षा जास्त तिकिटं विकलेली) असेल तेव्हाच फुकट अपग्रेड होतं आणि नाव सिस्टिमच्या यादीतून निघतं : आधी वरच्या पातळीचे सदस्य, मग तिकिटाचा भाडेवर्ग (तिकिटावरचं अक्षर, ज्यावरून दर आणि अटी ठरतात). कपड्यांचा परिणाम जवळपास शून्य. एकट्या प्रवाशाला सरकवणं सोपं, चौघांच्या कुटुंबाला जवळजवळ अशक्य.

म्हणून खरी संधी स्वस्तात विकत घेण्याच्या अपग्रेडमध्ये आहे. विमान कंपनीच्या "बुकिंग व्यवस्थापन" पानावर अपग्रेडचा दर चार वेळा बघा : तिकीट काढल्यावर लगेच, आठवडाभर आधी, ऑनलाइन चेक-इन उघडल्यावर आणि विमानतळावर. दर चढतो तसा उतरतोही. एजंटकडून काढलेल्या तिकिटावर हा पर्याय कधीकधी दिसतच नाही. सगळ्यात स्वस्त, बॅग न घेता येणाऱ्या भाड्यावर बहुतेक कंपन्या माइल्स (विमान कंपनीचे पॉइंट) वापरून अपग्रेड करू देत नाहीत. माइल्सनेच अपग्रेड करायचं असेल तर तिकीट काढतानाच भाडेवर्गाचं अक्षर बघून घ्या. आणि कार्डाचे पॉइंट विमान कंपनीकडे वळवले की परत येत नाहीत, म्हणून मोकळी सीट पडद्यावर दिसल्याशिवाय वळवू नका.

अपग्रेडसाठी बोली लावण्याची सोय असेल तर हे लक्षात ठेवा. बोली दर माणशी आणि दर उड्डाणासाठी असते. एका पीएनआरवर दोघं असतील तर दोघांचीही सीट मिळते किंवा कुणाचीच नाही. स्वीकारल्यावर पैसे परत नाहीत. आधी पैसे भरून घेतलेली सीट गेली तर ते पैसे परत मिळतील का, हे अटींत वाचा. माइल्स बहुतेक वेळा मूळ भाड्याच्याच हिशेबाने मिळतात.

आकडेमोड

बोलीचा आकडा ठरवायची माझी पद्धत : दोन्ही वर्गांच्या आजच्या दरांतला फरक काढा, त्यासोबत उड्डाणाचे तास विचारात घ्या आणि रात्रीची लांब उड्डाणं सोडून बाकी सगळ्यांवर किमान बोलीच्या थोडं वर थांबा. किमान आकडाच पुष्कळ जण लावतात, म्हणून नेमका तोच नको. तीन तासांच्या दिवसाच्या उड्डाणात रुंद सीटसाठी खर्च करण्यापेक्षा तेच पैसे हॉटेलच्या दुसऱ्या पायरीला लावा.

नवी_पाऊलवाट

मी वर्षातून एकदाच प्रवास करते, कुठलंही कार्ड किंवा सदस्यत्व नाही. मॅरियट या हॉटेल साखळीत प्लॅटिनम या सदस्य पातळीसाठी वर्षात ५० रात्री आणि हयात साखळीत ग्लोबलिस्ट पातळीसाठी ६० रात्री लागतात असं वाचलं. मग हे सगळं माझ्यासाठी आहे का?

फ्रंटडेस्क

@नवी_पाऊलवाट, त्या रात्रींच्या मागे लागूच नका. पहिलं काम, जिथे राहणार त्या साखळीचं फुकट सदस्यत्व बुकिंगच्या आधी घ्या. सदस्य दर आणि बरेचदा मोफत वायफाय तिथेच मिळतं आणि आरक्षण यादीत तुम्ही अनोळखी नावाच्या वर जाता.

दुसरं, महागड्या हॉटेलात दोन-तीन रात्रीच राहायचं असेल तर व्हर्च्युओसोसारख्या, महागड्या हॉटेलांशी करार असलेल्या प्रवासी एजंटांच्या जाळ्यातल्या एजंटमार्फत बुक करा. दर बहुधा हॉटेलच्या लवचिक (रद्द करता येणाऱ्या) दराएवढाच असतो आणि वर रोजचा नाश्ता, शिल्लक असल्यास वरची खोली, जेवण किंवा स्पासाठी ठरावीक क्रेडिट मिळतं. ताडून बघताना आगाऊ भरलेल्या स्वस्त दराशी नाही, लवचिक दराशीच ताडा.

तिसरं, छोटी, मालकाने स्वतः चालवलेली हॉटेलं. तिथे निर्णय घेणारा माणूसच फोन उचलतो. चार रात्री राहत असाल तर "चौथ्या रात्रीचं काही करता येईल का" हे तिथे थेट विचारता येतं.

वाटाड्या

स्टेटस मॅचची एक ओळ : एका कंपनीची पातळी दाखवून दुसरीकडे तशीच काही महिन्यांसाठी मागता येते, पण अनेक ठिकाणी ही सोय काही वर्षांत एकदाच किंवा आयुष्यात एकदाच. म्हणून सहलीच्या तोंडावरच वापरा.

बोटीवरून

क्रूझबद्दल थोडक्यात. "गॅरंटी" केबिन म्हणजे किमान तेवढा वर्ग नक्की, केबिन क्रमांक कंपनी नंतर देणार. वर सरकण्याची शक्यता असते, पण नाइटक्लबच्या खाली किंवा नांगराच्या साखळीजवळ केबिन मिळाली तर तक्रार चालत नाही. हलकी झोप किंवा समुद्र लागणं असेल तर गॅरंटी घेऊ नका, खालच्या डेकवरची जहाजाच्या मध्यावरची केबिन स्वतः निवडा. आणि बुकिंगवर "अपग्रेड नको" अशी नोंद करून घ्या, नाहीतर निवडलेल्या जागेवरून उचलून कुठेतरी वर पुढच्या टोकाला नेतात.

पूर्ण पैसे भरण्याच्या अंतिम तारखेपर्यंत दर उतरला तर पुष्कळ कंपन्या मागितल्यावर नवा दर लावतात. आपणहून लावत नाहीत. ऋतू बदलताना जहाजं एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात हलवली जातात, त्या एकेरी फेऱ्या दर रात्रीच्या हिशेबाने बरेचदा सगळ्यात स्वस्त. परतीचं विमान मात्र आधी हिशेबात धरा.

खिडकीची_सीट

ओव्हरबुकिंगमध्ये जागा सोडायला तयार असाल तर गेटवर लवकर सांगा आणि होकार देण्याआधी चार गोष्टी लिहून घ्या : पुढच्या उड्डाणात पक्की सीट (प्रतीक्षा यादी नाही), मोबदला रोख की व्हाउचर, व्हाउचरची मुदत आणि ते दुसऱ्याला वापरता येतं का, मधल्या वेळचं जेवण आणि गरज पडल्यास मुक्काम. पुढच्या उड्डाणात वरच्या वर्गाची सीट मागायची हीच सगळ्यात चांगली वेळ आहे. नंतर कुणाला जास्त रक्कम दिली तर तेवढीच मलाही, हेही आधीच बोलून घ्या.

स्वतःहून जागा सोडणं आणि इच्छेविरुद्ध उतरवलं जाणं यात कायद्याने फरक आहे. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमात इच्छेविरुद्ध उतरवलेल्याला अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो आहेत. स्वतःहून तयार झालात की रक्कम तुमच्या घासाघिशीवर.

नवी_पाऊलवाट

आणि उलट झालं तर? वरच्या वर्गाचे पैसे भरले आणि बसवलं खाली?

खिडकीची_सीट

त्याच नियमात उत्तर आहे. वर बसवलं तर जादा पैसे मागता येत नाहीत. खाली बसवलं तर त्या उड्डाणाच्या तिकिटाचे ३०, ५० किंवा ७५ टक्के, अंतरानुसार, सात दिवसांत परत करावे लागतात. युरोपीय संघातून निघणाऱ्या सगळ्या विमानांना आणि संघात येणाऱ्या फक्त तिथल्या कंपन्यांच्या विमानांना तो लागू होतो. बाहेरच्या प्रवासाला त्या त्या देशाचे नियम आणि कंपनीच्या अटी बघाव्या लागतात.

दावा कागदावर टिकतो. मूळ तिकिटाची पावती, जुना आणि नवा असे दोन्ही बोर्डिंग पास आणि वर्ग का बदलला याची गेटवरून लेखी ओळ, एवढं जपा. नवा पास देताना जुना परत मागतात, म्हणून हातातून देण्याआधी त्याचा फोटो काढा. काउंटरवर लगेच व्हाउचर पुढे केलं आणि त्यासोबत सही मागितली तर सहीच्या वरचा मजकूर वाचा. "पूर्ण आणि अंतिम भरपाई" असं काही असेल तर सही करू नका, घरी येऊन लेखी दावा करा.